रक्ताची कल्हई



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झालं, नाटक झालं, होळकरशाहीचा इतिहास झाला. माझा उभा जन्म इंदुरात रक्ताच्या तपासण्या करण्यात गेला. त्यामुळे कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "शरीरात बसवलेल्या परक्या वस्तूंशी रक्त कसं वागतं, त्यावर बोलतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, यात साहित्य कुठे आहे?" आहे. या गोष्टीच्या मध्यावर एक कवी येणार आहे, आणि तो आला नसता तर ही गोष्ट कदाचित बराच काळ अडून राहिली असती. तेवढा धीर धरा.

सुरुवात मात्र माझ्या मावशीपासून करतो. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाचा परिणाम हृदयाच्या झडपेवर झाला, आणि चाळिशीत ती झडप काढून धातूची कृत्रिम झडप बसवावी लागली. रात्री निजानीज झाली की मावशीच्या छातीतली टिकटिक शेजारच्या खाटेवर ऐकू येते. घरातली पोरं तिला "घड्याळवाली आजी" म्हणतात. या मावशीनं एकदा मला विचारलं, "अरे, ती झडप माझ्या छातीत आहे हे मलासुद्धा जाणवत नाही. मग माझ्या रक्ताला कसं कळतं की ही वस्तू परकी आहे?"

प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न तिनं कधी आणि कुठे विचारला, ते शेवटाकडे सांगेन. मी अडखळलेला पाहून ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे बिनकल्हईच्या पातेल्यात ताक कळकतं, तसंच ना?"

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना कल्हई आठवत असेल. गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, पितळेचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा. क्षणात काळपट भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकायचा. पदार्थ तोच, भांडं तेच, फरक फक्त आतल्या पातळ थराचा. मावशीची उपमा अर्धी बरोबर होती. उरलेला अर्धा भाग म्हणजे आजचं व्याख्यान.

रक्त अंगात वाहतं आणि बाहेर काढलं की गोठतं, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. कारण मात्र माहीत नव्हतं. कोणी म्हणे थंडीनं गोठतं, कोणी म्हणे हवा लागून, कोणी म्हणे थांबल्यामुळे. जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या जोसेफ लिस्टरनं 1863 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या विषयावर व्याख्यान दिलं. जनावराची शीर दोन्ही टोकांना बांधून रक्तासकट काढून घेतली, तर आतलं रक्त थांबलेलं असूनही बराच वेळ पातळ राहतं. तेच रक्त काचेच्या भांड्यात ओतलं की थोड्या वेळात गोठतं. म्हणजे थांबणं हे कारण नव्हे, थंडी नव्हे, हवाही नव्हे. कारण भांड्याच्या भिंतीत होतं. पुढे असंही दिसलं की काचेला आतून मेणाचा हात दिला तर रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. इथं आपली कल्हई आली.

पण रक्तातलं कोण काच ओळखतं? याचा धागा अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये सापडला. जॉन हेगमन नावाचा रेल्वेतला एक कामगार शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी आला. त्याचं रक्त काचेच्या नळीत घातलं, तर ते गोठेचना. डॉक्टर घाबरले, असा माणूस टेबलावर रक्तस्रावानं जायचा. पण हेगमनला आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ या रक्ततज्ज्ञानं शोध घेतला आणि 1955 साली लिहिलं की या माणसाच्या रक्तात एक प्रथिन नाही. त्या प्रथिनाला हेगमनचंच नाव मिळालं. आज आपण त्याला बारावा घटक म्हणतो. काचेसारख्या ऋणभारित पृष्ठभागावर हे प्रथिन बसलं की त्याची घडण बदलते, ते जागं होतं आणि पुढच्या घटकाला जागं करतं. तो त्याच्या पुढच्याला. अशी साखळी चालत फायब्रिनोजेनपर्यंत जाते आणि त्याचे धागे होतात. तीच गुठळी.

हेगमनची गोष्ट इथं संपत नाही. 1968 साली त्याचं कंबरेचं हाड मोडलं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन तो वारला. ज्याचं रक्त काचेत गोठत नव्हतं, तो गुठळीनं गेला. यातून एक मोठा धडा मिळाला. अंगातली जखम भरण्यासाठी रक्ताकडे वेगळी वाट आहे. तिला हेगमनच्या घटकाची गरज लागत नाही. परकी वस्तू ओळखण्याची वाट निराळी आहे. म्हणूनच आज काही संशोधक बाराव्या घटकालाच थोपवणारी औषधं शोधत आहेत. कृत्रिम वस्तूंवर गुठळी होऊ नये आणि जखमेतून रक्तही वाहू नये, असा त्यांचा हेतू आहे.

आता आपण सूक्ष्मात उतरू. रक्तातल्या पेशी काढून टाकल्या की पिवळसर पाण्यासारखा रक्तद्रव उरतो. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण 70 ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातलं निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन असतं. रोगप्रतिकार करणारी प्रतिद्रव्यं साधारण 10 ग्रॅम. फायब्रिनोजेन 2 ते 4 ग्रॅम. आणि काही प्रथिनं इतकी थोडी की ती मिलिग्रॅममध्ये मोजावी लागतात. बारावा घटक त्यांतलाच.

या द्रवात काचेची पट्टी, प्लास्टिकची नळी किंवा धातूची झडप घाला. पहिल्यांदा तिला पाणी आणि क्षार लागतात. पुढच्या काही सेकंदांत प्रथिनं येऊन चिकटतात. पेशी सावकाश येतात. त्या पोचेपर्यंत वस्तू प्रथिनांनी झाकून गेलेली असते. हा थर किती जाड? मीटरचे एक अब्ज भाग केले तर त्यातले पाच-दहा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारो थर बसतील. म्हणजे रक्तपेशींची गाठ परक्या वस्तूशी पडतच नाही. त्यांची गाठ पडते त्या वस्तूवर बसलेल्या आपल्याच प्रथिनांशी. मावशीच्या उपमेतला उरलेला अर्धा भाग हाच: इथं कल्हई रक्त स्वतःच लावतं. आणि ती कल्हई कशी लागली, यावर रक्त कळकणार की नाही ते ठरतं.

हे आपल्याला कोणी दाखवलं? आता आपल्या कवीला बोलावतो.

लिओ व्रोमान. जन्म 10 एप्रिल 1915, हॉलंडमधलं गौडा हे गाव. ज्यू वंशाचा, युट्रेक्टला जीवशास्त्र शिकणारा आणि कविता लिहिणारा मुलगा. मे 1940 मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरलं आणि 14 मे रोजी रॉटरडॅमवर बॉम्ब पडले. त्याच दिवशी व्रोमान शिडाच्या होडीतून समुद्र ओलांडून इंग्लंडला निघाला. तीनेका सँडर्स या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. ती मागे राहिली. इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेच्या वाटेनं तो डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला गेला आणि तिथं त्यानं शिक्षण पुरं केलं. पण 1942 मध्ये जपाननं जावा घेतलं. उरलेलं युद्ध त्यानं जपानी युद्धकैद्यांच्या छावण्यांत काढलं. शेवटची छावणी तर जपानमध्येच होती. सुटल्यावर तो अमेरिकेला गेला. 1947 साली तीनेका तिथं आली आणि त्यांचं लग्न झालं. ताटातुटीला तेव्हा सात वर्षं झाली होती.

पुढे हा माणूस ब्रुकलिनमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात रक्तावर संशोधन करू लागला. दिवसा प्रयोगशाळेत इंग्रजी, रात्री डच कविता. 1964 साली त्याला पी. सी. होफ्ट पुरस्कार मिळाला, हॉलंडमधला साहित्याचा सर्वांत मोठा सन्मान. त्याच वर्षांत तो रक्तद्रवाचे थर मोजत होता.

प्रयोग त्यानं कसा केला, तो ऐका. त्यासाठी भौतिकशास्त्र यायला हवं असं नाही. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर तेल पसरलं की रंग दिसतात. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. व्रोमाननं टँटलम धातूचा मुलामा दिलेल्या पट्ट्या घेतल्या आणि त्यावर विजेच्या साहाय्यानं ऑक्साइडचा असाच रंगीत थर चढवला. त्यावर रक्तद्रवाचा थेंब ठेवला, काही सेकंदांनी धुतला. प्रथिनांचा थर बसला की रंग जरासा बदलायचा. पण कोणतं प्रथिन बसलं, हे कसं कळणार? त्यानं पट्टीवर फक्त फायब्रिनोजेनला ओळखणारं प्रतिद्रव्य सोडलं. खाली फायब्रिनोजेन असेल तर प्रतिद्रव्य त्याला धरेल, थर जाड होईल, रंग आणखी गडद होईल. नसेल तर काहीच होणार नाही.

थेंब काही सेकंद ठेवला, तर फायब्रिनोजेन सापडलं. मग त्यानं थेंब काही मिनिटं ठेवला. जास्त वेळ ठेवल्यावर जास्त फायब्रिनोजेन मिळावं, असं कोणालाही वाटेल. पण ते सापडेना.

घटकाभर आधी बसलेलं प्रथिन गेलं कुठे? व्रोमान आणि त्याच्या सहकारी ॲन ॲडम्स यांनी 1969 पासून या बदलाबद्दल लिहायला सुरुवात केली. बऱ्याच वर्षांच्या कामानंतर उत्तर स्पष्ट झालं: दुसऱ्या एका प्रथिनानं येऊन त्याची जागा घेतली होती. त्या प्रथिनाचं नाव किनिनोजेन. ज्या दुर्मिळ माणसांच्या रक्तात ते नसतं, त्यांच्या रक्तद्रवात फायब्रिनोजेन जागेवरून हलत नव्हतं. तिथं पुरावा पक्का झाला. आणि किनिनोजेन एकटं येत नाही. गोठण्याच्या साखळीतले पुढचे घटक ते आपल्याबरोबर पृष्ठभागावर घेऊन येतं.

यातून जो नियम निघाला त्याला जगभर व्रोमान परिणाम म्हणतात. जी प्रथिनं मुबलक आणि चपळ, ती आधी पोचतात: अल्ब्युमिन, मग प्रतिद्रव्यं, मग फायब्रिनोजेन. जी थोडी पण त्या पृष्ठभागाला घट्ट धरणारी, ती उशिरा येतात आणि आधीच्यांना उठवून बसतात. व्रोमाननं हे एका सुरेख प्रयोगात दाखवलं. काचेच्या सपाट पट्टीवर त्यानं एक बहिर्गोल भिंग ठेवलं आणि मधल्या फटीत रक्तद्रव सोडला. मध्यभागी फट अगदी अरुंद, कडेला रुंद. अरुंद जागी रक्तद्रव थोडा, म्हणून उशिरा येणारी दुर्मिळ प्रथिनं तिथं पुरेशी नसतात आणि पहिली आलेली तशीच राहतात. धुऊन पाहिलं तर पट्टीवर एकात एक वलयं होती: आत लवकर येणारी, बाहेर उशिरा येणारी. काळाचा क्रम असा काचेवर उमटलेला.

हे सगळ्या पृष्ठभागांवर सारखं घडत नाही, हेही सांगायला हवं. पाणी ज्याच्यावर पसरतं, अशा काचेसारख्या पृष्ठभागावर ही उठबस जोरात चालते. पाणी ज्याच्यावर थेंब होऊन राहतं, अशा मेणकट प्लास्टिकवर प्रथिनं जास्त घट्ट चिकटतात, त्यांची घडी उलगडते आणि ती सहसा उठत नाहीत. म्हणजे नुसतं कोण बसलं हे पाहून भागत नाही. ते कसं बसलं, हेही पाहावं लागतं.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण फायब्रिनोजेनच आहे. रक्तातल्या प्लेटलेट्स जन्मभर फायब्रिनोजेनच्या द्रवात पोहत असतात, पण त्याला धरत नाहीत. तेच फायब्रिनोजेन एखाद्या पृष्ठभागावर बसलं की त्याचे लपलेले भाग उघडे पडतात आणि शांत प्लेटलेट्ससुद्धा त्याला येऊन चिकटतात. प्लेटलेट्सना ती जखम वाटते, आणि जखम दिसली की काम सुरू करायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर हे: रक्ताला झडप परकी म्हणून कळत नाही. आपलीच प्रथिनं नको तिथे, नको त्या रूपात दिसली, की रक्त गैरसमज करून घेतं.

या गैरसमजाशी डॉक्टर आणि अभियंते गेली ऐंशी वर्षं झगडत आहेत. व्रोमान जपान्यांच्या छावणीत होता, त्याच काळात हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कॅम्पेन गावी, विलेम कोल्फ नावाचा डॉक्टर कृत्रिम मूत्रपिंड बनवत होता. लाकडी पट्ट्यांचं पिंप आणि त्याभोवती गुंडाळलेली सॉसेजवर चढवतात ती सेलोफेनची नळी, असं ते यंत्र. 1943 पासून एकामागून एक रोगी दगावले; 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई वाचली. आजचं सगळं डायलिसिस त्या पिंपातून आलं आहे. गुठळी होऊ नये म्हणून कोल्फनं हेपारिन वापरलं. पण सेलोफेनची खोड त्यानं संपली नाही. 1968 मध्ये लक्षात आलं की डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. पुढच्या दशकात कारण कळलं: रक्तात जंतूंवर खूण करणाऱ्या प्रथिनांचं एक पथक असतं, ते सेलोफेनवर जागं होत होतं, आणि त्या हाकेनं खवळलेल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसांत जाऊन अडकत होत्या. मग पडद्यांचं द्रव्य बदलत गेलं. आज डायलिसिसवर असलेल्या माणसाला हा त्रास पूर्वीइतका होत नाही, त्याचं श्रेय या शोधाला आहे.

रक्त कळकू नये म्हणून तीन प्रकारची कल्हई करून पाहिली गेली. पहिली, वस्तूला हेपारिनच बांधून ठेवायचं; हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या नळ्यांना तशी करतात. दुसरी, पृष्ठभागावर पाणी धरून ठेवणाऱ्या लांब रेणूंचं गवत उगवायचं, म्हणजे प्रथिनांना टेकायला जागाच मिळत नाही. तिसरी, तांबड्या पेशीच्या बाहेरच्या आवरणात जो रेणू असतो, त्याचीच नक्कल करायची. तिन्हींचा उपयोग होतो. तिन्ही काळानं झिजतात किंवा झाकल्या जातात. रक्ताच्या दृष्टीनं पूर्णपणे अलिप्त अशी वस्तू अजून कोणालाही बनवता आलेली नाही.

आणि दर वेळी ती हवीच असते असंही नाही. पोटातली मोठी रोहिणी फुगली की तिथं विणलेल्या पॉलिएस्टरची नळी शिवतात. पूर्वी शल्यचिकित्सक ती शिवण्याआधी रोग्याचंच थोडं रक्त तिच्यावर ओतून गोठवत असत, म्हणजे विणीतली भोकं बुजत. गोठणं हाच तिथं गिलावा होता. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकारानं हृदयाची झडप घडवली गेली आणि डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. परदेशी झडप ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, अशांसाठी ती होती. तिचा सांगाडा कोबाल्टच्या मिश्रधातूचा, हलणारी चकती खास पॉलिथिलीनची आणि शिवायची कड पॉलिएस्टरच्या कापडाची. कापडावर रक्तानं थर धरावा, त्यात ऊती वाढावी, झडप अंगात मुरावी, ही अपेक्षा असते. चकतीवर मात्र काही धरू नये. एकाच झडपेत दोन पृष्ठभाग, आणि रक्ताकडून दोन उलट मागण्या.

तुमच्या रोजच्या अनुभवातलं उदाहरण देतो. तपासणीला रक्त देताना तुम्ही रंगीत टोपणांच्या नळ्या पाहता. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठायला हवं असतं, पण प्लास्टिकच्या नळीत ते लवकर गोठत नाही. म्हणून तिला आतून वाळूसारख्या सिलिकाचा सूक्ष्म थर देतात. काचेचा गुण प्लास्टिकला उसना. जांभळ्या आणि निळ्या टोपणाच्या नळ्यांत उलट, कॅल्शियम पकडून ठेवणारी द्रव्यं असतात, म्हणून तिथं साखळी पुढे सरकत नाही. हेगमनचा धडा तुमच्या दंडाशेजारच्या त्या ट्रेमध्ये ठेवलेला असतो.

आता मावशीकडे परत येतो. झडप बसवल्यावर तिला रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यायची होती, जन्मभर. एका वर्षी ती मैत्रिणींबरोबर नर्मदेकाठी गेली. गोळ्या संपल्या, तिथं मिळाल्या नाहीत. "दहा-बारा दिवसांनी काय बिघडतं," असं म्हणून ती तशीच राहिली. परत आली तेव्हा जिना चढताना दम लागत होता. रात्री माझी मावसबहीण तिच्या शेजारी निजली आणि तिनं मला फोन केला. म्हणाली, "दादा, आईची टिकटिक ऐकूच येत नाहीये."

झडपेवर गुठळी धरली होती. चकती नीट हलत नव्हती. वेळेवर दवाखान्यात नेलं, गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टिकटिक पुन्हा सुरू झाली. सुरुवातीला सांगितलेला प्रश्न तिनं त्या खाटेवर पडून विचारला. मी घरचा डॉक्टर. वर्षानुवर्षं तिला "गोळी चुकवू नकोस" म्हणत आलो होतो. का, ते एकदाही सांगितलं नव्हतं. आज तुमच्यापुढे उभा राहण्याचं माझ्याजवळ दुसरं कारण नाही.

म्हणून ज्यांच्या घरी कृत्रिम झडप आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. गोळीमुळे रक्त खरोखर पातळ होत नाही. गोठण्याच्या साखळीतले काही घटक, जे बनायला के जीवनसत्त्व लागतं, ते कमी बनतात. झडपेचा पृष्ठभाग रोज साखळीला ढकलतो, गोळी रोज तिला आवरते. एका बाजूनं हात काढला की दुसरी जिंकते; म्हणून गोळी संपण्याआधी आणायची, प्रवासात जास्तीची बरोबर ठेवायची. दुसरी गोष्ट, रक्ताची तपासणी ठरल्या दिवशी करायची, आणि पालक-मेथी सोडायची नाही. रोजच्या खाण्यात एकदम फार फरक मात्र करायचा नाही. तिसरी, दात काढायचा असला तरी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. ज्यांना स्टेंट आहे त्यांनाही हेच लागू, कारण स्टेंटच्या जाळीवर आपल्या पेशींचं अस्तर चढेपर्यंत तीही उघडीच असते. आणि चौथी, झडपेची टिकटिक बुजली, दम लागू लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

काही जण विचारतात, हल्ली नव्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांना वारंवार तपासणी लागत नाही. त्या का नको? धातूच्या झडपांसाठी डाबिगाट्रान या नव्या गोळीची चाचणी झाली. ती मधेच थांबवावी लागली. 2013 साली निष्कर्ष छापले गेले. जुन्या गोळीपेक्षा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. नंतर अपिक्साबान या दुसऱ्या गोळीची चाचणीही थांबली. संशोधकांनी सुचवलेलं कारण तुम्हाला आता ओळखीचं वाटेल: झडपेच्या पृष्ठभागावर साखळी अगदी वरच्या टोकापासून सतत सुरू होत राहते, आणि शेवटच्या एका घटकाला धरणारी गोळी त्या लोंढ्याला पुरी पडत नाही. हेगमन आणि व्रोमान यांनी जे पाहिलं, ते आजच्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत असं येऊन पोचतं.

रक्ताला पूर्णपणे मानवणारा पृष्ठभाग एकच आहे, तो म्हणजे आपल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. ती कल्हई जिवंत आहे. ती स्वतः हेपारिनच्या जातीचे रेणू धरून ठेवते, प्लेटलेट्सना शांत ठेवणारी द्रव्यं सोडत राहते, झिजली की नव्यानं घडते. आपण केलेली कल्हई एकदाच लागते. ती क्षणोक्षणी लागत असते. उद्याचं संशोधन कृत्रिम वस्तूवर हे अस्तर लवकर कसं उगवेल, याच दिशेनं चाललं आहे.

शेवटी पुन्हा आपला कवी. लिओ व्रोमान 22 फेब्रुवारी 2014 रोजी टेक्ससमध्ये वारला, वयाच्या 98 व्या वर्षी. साठ वर्षांहून जास्त काळ तो अमेरिकेत राहिला, तिथला नागरिक झाला, तिथलं काम मनापासून केलं. इंग्रजीतही त्यानं लिहिलं, पण त्याची कविता मुख्यतः डचच राहिली. आजूबाजूच्या रस्त्यावर जी भाषा कोणी बोलत नव्हतं, त्या भाषेतली कविता त्यानं ब्रुकलिनमध्ये लिहिली, आणि ती हॉलंडमध्ये पाठ झाली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथल्या मराठी माणसाला यात काही समजावून सांगायला नको.

प्रथिनांवरून माणसांच्या वस्तीचे दृष्टान्त काढण्याचा मोह मी मुद्दाम आवरतो. कोण आधी आलं, कोणी कोणाला उठवलं, असली उपमा ताणली तर तिचा गैरवापर फार लवकर होतो. व्रोमानच्या उमेदीची वर्षं अशाच विचारांनी पेटलेल्या युद्धानं खाल्ली होती. मी एवढंच घेऊन जातो: ज्याच्याशी आपली गाठ पडली असं वाटतं, त्याच्यावर बहुतेक वेळा आपलाच एक थर बसलेला असतो, आणि आपण बिचकतो ते त्या थराला.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. गोळ्यांचा डबा तिच्या देवघरात असतो, म्हणजे विसरायला नको. आज येताना मी तिला विचारलं, "काय सांगू लोकांना?" म्हणाली, "सांग, कल्हई रोज लावावी लागते."